विलायती रंधा

मद्रासहून मी विलायती रंधा आणला, तेव्हा आमच्या कुंभकोणमच्या आळीतल्या म्हाताऱ्या आसारीनं, म्हणजे सुतारानं, तो उलटासुलटा करून बघितला आणि हसला. "दोन महिन्यांचा पगार घातलात, सामी? माझ्या बापाचा लाकडी रंधा काय वाईट आहे?" असा राग आला मला! मी कचेरीतला कारकून, सुतारकाम ही माझी हौस. तिथल्या तिथं फणसाच्या फळीवर रंधा फिरवून दाखवला. कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ साल निघाली. म्हाताऱ्यानं ती उचलून उजेडाला धरली.

फळी पाळण्याची होती. बायकोला आठवा सरला होता. पहिल्या खेपेला दिवस भरलेलं मूल मेलेलंच जन्मलं होतं, म्हणून यंदा ती तिरुक्करुगावूरच्या, गर्भ राखणाऱ्या देवीचं तेल घेऊन आली होती. मला बजावलंही होतं, "मूल होईतो पाळणा घरात नको हं." मी कसला ऐकतो! पुस्तकांची पेटी करतोय अशी थाप मारली आणि ती सहसा फिरकत नाही त्या मागच्या पडवीत पाळणा तुळईला टांगूनसुद्धा मोकळा झालो. आसारी बघून चपापला. "केलात तो केलात. रिकामा तरी ठेवू नका."

सरस्वतीपूजा आली. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारं देवापुढे मांडून गंध-कुंकू लावतात, आणि दिवसभर कुणी त्यांना हात लावत नाही. बाकीची सगळी मांडली. पण ओल्या गंधानं माझं पोलाद गंजलं तर? नवा रंधा जुन्या मऊ धोतरात गुंडाळला आणि पाळण्यात निजवला. पाळणाही रिकामा राहिला नाही! स्वतःच्या अकलेवर खूश होऊन जेवलो आणि आडवा झालो.

जाग आली ती आवाजानं. कुर्र, कुर्र. भर दुपार, वारा ठार पडलेला. घरात आम्ही दोघंच, आणि शेजारची चटई रिकामी. पडवीत गेलो. पाळणा आपला हलत होता, आत काही नव्हतं.

ती कोपऱ्यात उभी होती. धोतराचं गाठोडं छातीशी, त्याच्या एका टोकाखाली तळहात, आणि हळूहळू डुलत होती.

"अगं, तो रंधा आहे," मी कसंबसं म्हटलं.

"ठाऊक आहे. गार आहे ना. आणि वजन अगदी एवढंच होतं." तिनं गाठोडं माझ्यापुढं धरलं. "तुम्ही तेव्हा घेतलंच नाही त्याला. आता तरी घ्या."

माझे हात वर होईनात. मला भीती वाटली, तिची नाही, त्या धोतरात काय असेल त्याची.

वीस दिवसांनी मुलगी झाली. आळी जागी होईल अशी रडली. दाई पुसायच्या आत मी तिला हातात घेतलं. ती आईच्या लुगड्याच्या झोळीतच वाढली. पाळणा आसारीला देऊन टाकला.

एवढं महागाचं हत्यार घ्यावं का, असं अजून कुणी विचारतं. घ्या, म्हणतो, लाकूड सुरेख तासतं. दर सरस्वतीपूजेला बायको तो रंधा स्वतः उचलते, दोन्ही हातांनी, एका टोकाखाली तळहात धरून. देवापुढे निजवते आणि भरपूर ओलं गंध लावते. पार गंजलाय. मी पुसत नाही.