तीन कोटेशनं आणि एक बोट

माझे बाबा एका सरकारी कचेरीत खरेदी खात्यात होते, आणि तिथला नियम त्यांनी उचलून घरात आणून ठेवला होता. कुठलीही वस्तू घ्यायची तर आधी तीन कोटेशनं. प्रेशर कुकर घ्यायचा तर मुलुंड स्टेशनजवळची तीन दुकानं. माझं दप्तर, तीन दुकानं. आंब्याची पेटी घ्यायची तरी तीन फळवाले पालथे घालायचे, मग फुलस्केप कागदावर पट्टीने रेघा मारून तक्ता काढायचा: दर, दर्जा, सेवा, आणि सगळ्यात शेवटी शेरा. तक्ता पुरा होईपर्यंत आंब्यांचा मोसम अर्धा संपलेला असे. पुढे माझ्या लग्नाच्या वेळीही म्हणाले, "किमान तीन स्थळं बघू." मी पहिल्यालाच हो म्हटलं, तर हा माणूस आठवडाभर फुगून बसला!

मी सांगतेय ती गोष्ट ऐंशीच्या दशकातली, मी सहावीत होते तेव्हाची. आईचं माहेर रत्नागिरीच्या अलीकडे, एका खाडीच्या तोंडाशी. लहानसं बंदर, तिथे धक्का वगैरे काही नाही. मुंबईहून गोव्याला जाणारी बोट लांब, खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहायची आणि माणसांना किनाऱ्यावर आणायला पडाव जायचे, म्हणजे मोठ्या होड्या. त्यातला एक पडाव माझ्या आजोबांचा. सगळ्या गावाच्या लेकीसुना त्यांनी बोटीवरून हात देऊन उतरवून घेतल्या होत्या. स्वतःची लेक सोडून.

कारण आमचे बाबा. लग्नानंतर आई त्याच पडावातून बोटीवर चढली आणि मुंबईला आली, ती शेवटची. त्यानंतर चौदा वर्षं आम्ही दर मे महिन्यात एसटीने गेलो. एसटीचा थांबा गावाच्या मागच्या अंगाला, तिथून तीन मैल चालत. आम्ही धुळीने माखून मागच्या दाराने घरात शिरायचो, आणि आजोबा तिकडे बंदरावर बोटीकडे डोळे लावून. न जाणो, यंदा लेक बोटीने आली तर?

"बोटीने जाऊ या ना," असं आई दर एप्रिलमध्ये म्हणायची. बाबा चष्मा पुसत म्हणायचे, "अगं, एकच बोट जाते. तुलना कशाशी करणार? एका कोटेशनवर ऑर्डर देता येत नाही." आई म्हणायची, "घाटी तो घाटीच!" बाबा माणदेशातले. तिकडे माणसं पाणी बघतात ते हंड्यात. हा वाद तिथेच संपायचा आणि एसटीची तिकिटं यायची.

त्या वर्षी मात्र आजोबांचं पोस्टकार्ड आलं. आईने ते ओट्यापाशी उभ्याउभ्याच वाचलं आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायची विसरली. डाळीची पार पेज झाली. कार्डावर चारच ओळी होत्या. "चि. बाय हीस आशीर्वाद. यंदाचा मे झाला की बोट आपल्या बंदरात थांबायची बंद. मीही पडाव मोडीत काढणार. एकदा बोटीने आलीस तर माझ्या हाताने उतरवून घेईन. जावईबापूंना अडचण असल्यास आग्रह नाही."

बाबांनी कार्ड दोनदा वाचलं. मग मान वर न करता म्हणाले, "ठीक आहे. रीतसर तुलना करू. तीन बोटी बघू, मग ठरवू."

आई कपाळाला हात लावून म्हणाली, "कसल्या तीन बोटी? समुद्र काय तुमच्या ऑफिसातलं कपाट आहे?" पण बाबांनी कागदावर रेघा मारायला घेतल्यासुद्धा.

पहिलं कोटेशन वर्सोव्याचं. मुलुंडहून दोन बस बदलून आम्ही तिथे पोचलो. वर्सोव्याहून मढला जाणारी तर, म्हणजे खाडी ओलांडणारी होडी, पाच मिनिटांत पलीकडे. किनाऱ्यावर बोंबील वाळत होते. आई छाती भरून श्वास घेत म्हणाली, "आहाहा!" बाबांनी नाकाला रुमाल लावला. तरीत त्यांच्या शेजारी एक कोळीण पाटी घेऊन बसली होती. बाबांनी तिला विचारलं, "सेवा कशी असते इथली?" ती त्यांच्याकडे बघतच राहिली. "कसली सेवा रं? बसायचं न् उतरायचं." बाबांनी ते जसंच्या तसं सेवेच्या रकान्यात लिहिलं. मी बघत होते, पाच मिनिटं त्यांनी एका हाताने कड घट्ट धरून ठेवली होती आणि गालात आलेपाकाची वडी होती.

दुसरं कोटेशन बोरिवलीहून गोराईचं. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी. होडी किनाऱ्यापर्यंत येईना, गुडघाभर चिखलातून चालत जायचं. आई साडी खोचून झपाझप पुढे, मी मागोमाग. बाबांची एक चप्पल चिखलाने गिळली ती कायमची. एका चपलेनिशी घरी येऊन त्यांनी तक्ता भरला. दर: माफक. दर्जा: चिखल. सेवा: चप्पल परत देत नाहीत. मी आणि आई हसून हसून लोळलो. बाबाही हसले. त्या रविवारी मला वाटलं, झालं, आता आपण बोटीने जाणार, झकास!

तिसरं कोटेशन खरं. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी लाँच, चांगली तासदीड तासाची. आईला त्या दिवशी पापड करायला शेजारी बोलावलं होतं, म्हणून बाबा आणि मीच गेलो. अर्धा तास ठीक गेला. मग वारा सुटला आणि लाँच डुलायला लागली. बाबांनी तक्ता माझ्या हातात दिला, "धर जरा," म्हणाले आणि मागच्या बाजूला गेले ते येईनातच. मी बघायला गेले तर कठड्यावरून ओणवे होऊन ओकत होते. तोंड पांढरंफटक. मला बघून कसंबसं म्हणाले, "आईला सांगू नकोस. शपथ आहे तुला."

घरी आल्यावर त्यांनी गुपचूप शेरा लिहिला: "सागरी प्रवास कुटुंबास सोयीचा नाही. एसटी मंजूर."

आईने तो कागद वाचला आणि तिचा स्फोट झाला. "तीन कोटेशनं मागितलीत, दिली. चिखल तुडवला. आता एसटी मंजूर? अहो, पुढच्या वर्षी बोट नाही तिथे! पडाव नाही! चौदा वर्षं माझा बाप बंदरावर उभा राहतोय आणि मी मागच्या दाराने येतेय चोरासारखी. एकदा, फक्त एकदा मागितलं मी काहीतरी!" आणि ती रडायलाच लागली. आई चिडायची पुष्कळदा, पण रडताना मी तिला पाहिलं नव्हतं. शपथ गेली खड्ड्यात.

"बाबांना बोट लागते!" मी ओरडले. "लाँचवर ओकले ते. खूप!"

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, की माझी वाट लागलीच समजा. आईने पदराने डोळे पुसले. "एवढंच ना? अहो, बोट लागते तर लागते. निम्म्या जगाला लागते. लिंबू घेऊ बरोबर. त्यात लाजायचं काय?" बाबांनी तक्ता पुढे ओढला. "एसटी" या शब्दावर रेघ मारून त्यांनी वर "बोट" लिहिलं. सही केली. तारीखही घातली.

मे महिन्याच्या सुरुवातीला आम्ही निघालो. मी आयुष्यात एवढी मोठी बोट पाहिली नव्हती. सकाळी भोंगा वाजला आणि धक्का मागे सरकायला लागला, तशी मी उड्याच मारायला लागले. आम्ही खालच्या डेकवर पथारी पसरली. आजूबाजूला ट्रंका, कोंबड्या, पत्त्यांचे डाव, कोणाचं तान्हं, कोणाची भजनाची पेटी. वरच्या वर्गात खुर्च्या होत्या. बाबा तिथे तुलनेसाठी जाऊन आले आणि म्हणाले, "दर दुप्पट, वारा तेवढाच." आईने डबा उघडला, थालीपिठं आणि सुकटीची चटणी. शेजारच्या मालवणच्या बाईंनी आम्हाला सोलकढी दिली. दिवसभर समुद्र गुणी बाळासारखा होता. बाबांच्या तोंडात लिंबाची फोड होती, पण काही झालं नाही. मी म्हटलं, "बाबा, सेवा कशी आहे?" ते म्हणाले, "अजून उतरायचंय."

दिवेलागणीच्या आधी आमची खाडी दिसली. बोटीने भोंगा दिला, वेग कमी झाला, नांगराची साखळी खडखडत पाण्यात गेली. आणि किनाऱ्यावरून सगळ्या गावाचा एकदम आवाज आला: "बोट लागलीऽऽ! बोट लागली रेऽऽ!"

बाबांचा चेहरा पडला. "बघ," ते आईला म्हणाले, "अजून विसरले नाहीत."

"कोण? काय विसरले नाहीत?"

मग ते भडाभडा बोलले. लग्नानंतर निघताना पडाव बोटीची वाट बघत लाटांवर हेलकावत होता. आई पदरात तोंड खुपसून रडत होती. आणि नवरदेवाला मळमळलं आणि तो थेट सासऱ्यांच्या पायांवर ओकला. त्याच क्षणी किनाऱ्यावरून सगळं गाव ओरडलं, "बोट लागली! बोट लागली!" सगळं गाव हसत होतं मला, बाबा म्हणाले. पुन्हा त्या बंदरावर तोंड कसं दाखवू?

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. "अहो," ती म्हणाली, "ते तुम्हाला नव्हतं! बोट बंदराला आली की ओरडतात तसं. बोट लागली म्हणजे बोट आली! रोज ओरडतात!" आणि ती हसायला लागली. हसता हसता मध्येच थांबली. चौदा वर्षांचा हिशोब तिच्या डोक्यात आला असणार. माझ्याही आला. एका शब्दापायी चौदा मे महिने, आणि बंदरावर एक म्हातारा माणूस.

तेवढ्यात पडाव बोटीला भिडला. पडावात आजोबा उभे, उघडे, डोक्याला पंचा. बारीक झाले होते, पण पाय पडावात रोवलेले. आधी त्यांनी मला उचलून घेतलं. मग दोन्ही हात वर केले आणि म्हणाले, "आलीस गो बाय?"

आईने नुसते हात त्यांच्या हातांत दिले. आजोबांनी तिला उतरवून घेतली, आणि पडावात उतरल्यावरही तिचे हात सोडले नाहीत. मला एवढा आनंद झाला होता, की मी मोठ्याने रडत होते.

शेवटी बाबा. आजोबांनी त्यांनाही हात दिला. फळीवर बसल्या बसल्या बाबा म्हणाले, "मामा, लग्नाच्या वेळी मी तुमच्या पायांवर..."

"तेव्हा होय?" आजोबा म्हणाले. "अवो, समुद्र बाजूला हाय. धुतले पाय. तेवढ्यासाठी माझ्या लेकीला चौदा वर्षं एसटीनं आणलीत?"

"चुकलं माझं," बाबा म्हणाले आणि नमस्कार करायला खाली वाकले. वाकायला नको होतं. नेमकी तेव्हाच लाट आली, पडाव कलला, आणि सकाळपासून पोटात धरून ठेवलेलं सगळं बाबांनी पुन्हा त्याच पायांवर ओतलं.

मग आजोबांनी किनाऱ्याकडे तोंड केलं, छाती भरून श्वास घेतला आणि आरोळी ठोकली, "बोट लागलीऽऽ!" किनाऱ्यावरून शंभर गळे ओरडले, "बोट लागली रेऽऽ!" आणि ह्या खेपेला सगळ्यांत मोठ्याने हसले ते आमचे बाबा.

पुढच्या वर्षापासून बोट तिथे थांबली नाही. आजोबांनी पडाव मोडला. बाबा गेले तेव्हा त्यांच्या कपाटात कुकरचे, दप्तराचे, आंब्याचे सगळे तक्ते नीट टाचून ठेवलेले सापडले. बोटीच्या तक्त्याला खाली एक ओळ नंतर जोडलेली होती, वेगळ्या शाईने. नाव: पडाव. दर: नाही. दर्जा: हलतो. सेवा: सासरे स्वतः हात देऊन उतरवतात. आणि शेऱ्याच्या रकान्यात बाबांच्या त्या सरळ, कचेरीतल्या अक्षरात लिहिलं होतं: "दुसरे कोटेशन मागवू नये."