खालच्या चाचांचा विरोध

उद्यापासून सूर्य पूर्वेलाच उगवावा असा ठराव आमच्या सोसायटीनं केला असता, तरी खालच्या मजल्यावरच्या चाचांनी हात वर करून सांगितलं असतं, "माझा विरोध लिहून घ्या." एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाल्यापासून विरोध हाच त्यांचा पूर्णवेळ उद्योग होता. इमारतीला गुलाबी रंग द्यायचं ठरलं तेव्हा, "ही बिल्डिंग हाय का बुढ्ढी के बाल?" असं विचारून त्यांनी मिटिंग उधळली. त्यांच्या पंचाहत्तरीचा सत्कार करायचं निघालं, तर त्यालाही एकट्यानं विरोध केला, आणि त्या दिवशी कडक इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी पहिल्या खुर्चीवर येऊन बसले. शाल मात्र टोचते म्हणाले.

त्यामुळे पुनर्विकासाची मिटिंग भरली तेव्हा सगळे त्यांच्याकडेच बघत होते. बिल्डरच्या माणसानं पडद्यावर उंच इमारतीचं चित्र दाखवलं. खाली पोहण्याचा निळाशार तलाव. चाचा उठलेच. "इथं नळाला आठ-आठ दिवस पाणी नाय, अन् पोहायचं कशात, टँकरात?" हशा पिकला. बिल्डरचा माणूसही हसला. मग चाचा आवाज उतरवून म्हणाले, "नवी होईस्तोवर भाड्यानं राहा म्हणता. आमचं नाव ऐकल्यावर घर देतंय कोण?" आता कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी पुढचं चित्र लावायला सांगितलं. चाचांचा विरोध नेहमीसारखाच लिहून घेतला गेला.

त्यांची सोडून सगळ्यांच्या सह्या झाल्या. जिन्यात लोक त्यांच्याशी बोलेनासे झाले. एकदा पाणी भरताना कुणीतरी चाचींना सुनावलं, "तुमच्या म्हाताऱ्यापायी आमची घरं अडलीत." चाची अर्धी बादली तिथंच टाकून घरात गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा कागद घेऊन, जिना चढून वर माझ्या दारात. "बेटा, पेन दे."

"चाचा, थोडं थांबा ना," मी म्हणाले.

"मी ऐकून घेतो गं. तिनं कायकू ऐकायचं?" दाराच्या चौकटीवर कागद टेकवून त्यांनी सही केली.

इमारत पाडली गेली. चाचांची दोन-तीन ठिकाणी बोलणी ठरली आणि नाव सांगितल्यावर मोडली. शेवटी शहराबाहेर, हर्सूलच्या पुढं, एका गच्चीवरच्या दोन खोल्या मिळाल्या. चाचींना जिना चढवत नाही, म्हणून त्या उतरतच नाहीत. परवा मी भेटायला गेले.

"काम कुठवर आलं?" चाचांनी विचारलं.

"पत्र्याच्या आड नुसता खड्डा आहे. बिल्डर फोनही उचलत नाही."

मला वाटलं, आता भडकतील. ते चहात बिस्कीट बुडवत राहिले. मग कोण कुठं राहायला गेलं, एकेकाचं विचारलं, चाचींना सुनावणारीचंही. कुणी सिडकोत, कुणी गंगापूरला मुलाकडं, एक जण तर देवाघरी गेलेसुद्धा. "अरेरे," म्हणाले.

निघताना गच्चीच्या कठड्यापर्यंत आले. मी अर्धा जिना उतरले होते, तेव्हा वरून जुन्या सवयीनं म्हणाले, "येत जा बेटा खाली. चाचीला करमत नाय."