माझ्या खात्यावर यांचा नंबर

घर यांच्या नावावर, गॅस यांच्या नावावर, माझा पगार जमा होणारं बँकेचं खातंसुद्धा जोडीचं. उचगावच्या शाळेत पंधरा वर्षं शिकवून माझ्या एकटीच्या नावावर एकच गोष्ट झाली होती, ती म्हणजे दोन हजार पाचच्या सुमारास उघडलेलं शेअरचं ऑनलाइन खातं.

तेव्हा माझ्याकडे मोबाइल नव्हता. शाहूपुरीतल्या ब्रोकरच्या ऑफिसात फॉर्म भरताना यांच्या ओळखीच्या मॅनेजरनं परस्पर यांचा नंबर लिहिला. "बायकामाणसांच्या खात्यावर साहेबांचाच असतोय की," तो म्हणाला. मी मान डोलावली. त्या डोलावण्याचा मला अजून संताप येतो. पासवर्डचं पाकीट मात्र मी त्याला फोडू दिलं नाही. तिथं बहुतेकांचे पासवर्ड ऑफिसच्याच रजिस्टरात लिहिलेले असत, आणि लोकांना ती सोय वाटे.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी राजारामपुरीतल्या नेट कॅफेत जायची. बाजार बंद असे, पण शुक्रवारचा भाव दिसे. एका औषध कंपनीचे शेअर मी वर्षभर थोडे थोडे जमवले होते. तिच्याबद्दल पेपरात काही आलं की कापून वहीत चिकटवायची. आजूबाजूला कॉलेजची पोरं चॅटिंग करत बसलेली आणि मध्ये मी, पर्स मांडीवर घेऊन. पान उघडायला पाच-पाच मिनिटं लागत. पण उघडलं की बरं वाटायचं, भाव पडलेला असला तरी.

एका शनिवारी पान उघडलं तर यादी रिकामी. नेट अडकलं असेल म्हणून पुन्हा उघडलं. मग विक्रीचा तपशील सापडला. मंगळवारी सगळे शेअर विकले गेले होते. तशीच रिक्षा करून मी शाहूपुरी गाठली.

"बाजार पडाय लागलाता म्हणून फोन केलता," मॅनेजर म्हणाला. "साहेब म्हणाले, विका की. आमच्या ऑफिसातल्या मशीनवरनं विकलं, त्याला पासवर्ड लागत न्हाय. तुमच्या खात्यावरचाच नंबर हाय वहिनी, परक्याला न्हाय इचारलं."

"खातं कुणाचं आहे?"

"तुमचंच की."

त्यानं अगदी साळसूदपणे सांगितलं.

हे शिरोलीतल्या फौंड्रीत सुपरवायझर. घरी आले, चहा घेतला, आणि मी विचारल्यावर म्हणाले, "अगं, सांगायचं राहूनच गेलं बघ." चार दिवस राहून गेलं होतं. भट्टीपाशी उभ्या-उभ्या, दोन शब्दांत, यांनी माझी वर्षभराची मेहनत निकालात काढली होती आणि घरी येऊन पोटभर जेवले होते.

पुढं भाव आणखी कोसळला. हे तर सगळ्यात वाईट झालं. जयसिंगपूरहून माझा भाऊ आला, तोही म्हणाला, "दाजींनी वाचवलं बघ तायडे तुला." माझं डोकंच फिरलं. वाचवलं असेल, पण मला विचारलं कुणी? तोटा झाला असता तर तो माझा झाला असता, असं मी दोघांना सुनावलं. हे हसले. "तोटा कुणाला पायजे असतोय व्हय?"

मी मोबाइल घेतला आणि नंबर बदलायला गेले. मॅनेजर म्हणाला, "साहेबांची सही लागंल." कुठं लागते ते दाखवा म्हटलं. त्यानं फॉर्म दोन्ही बाजूंनी पाहिला. तसा रकानाच नव्हता. मग गुपचूप शिक्का मारला. त्याच आठवड्यात मी तेच शेअर पुन्हा घेतले.

काही दिवसांनी, शाळेला उन्हाळ्याची आणि यांना फौंड्रीची सोमवारची सुट्टी असताना, बाजार पुन्हा घसरला आणि माझा फोन वाजला. "वहिनी, साहेब हायत का जवळ?"

हे समोरच बसले होते. त्यांनी सवयीनं हात पुढं केला. मी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि म्हणाले, "आहेत. पण शेअर माझे आहेत. मला विचारा."