रिठदच्या शेतात शनीचे चंद्र

शनीचे बारके चंद्र फोटोत पकडायचे, हे खूळ माझ्या डोक्यात सत्तरच्या दशकात शिरलं. अकोल्याला नोकरी, जवळ स्वतः घासलेल्या आरशाची दुर्बीण. शहरात दिवे फार, म्हणून कचेरीतल्या गुलाबरावांनी त्यांच्या गावी, रिठदला चला म्हटलं.

एसटीच्या टपावर नळी, माझ्या मांडीवर आरसा. "तोप घेऊन कुठी चालले?" कंडक्टरने विचारलं. वाशीमकडच्या मालेगावला भजी झकास मिळाली, चहा मात्र नुसता गोड. वाशीमच्या पुढे रस्ता असा, की आरशापायी जीव टांगणीला लागला.

गुलाबरावांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, भाकरी-ठेचा वाढला, पण त्यांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. मुलीला, शांताला, मंगरूळपीरचं चांगलं स्थळ आलेलं आणि या होकार देईनात. "पोरीले साडेसाती हाय. शनी सुटल्याबिगर नाही," म्हणाल्या. शांता ताटाकडे बघत बसली.

दिवेलागणीनंतर शेतात दुर्बीण उभी केली, कॅमेरा जोडला, शटर उघडलं. श्वाससुद्धा जपून घेत होतो. तेवढ्यात वहिनी वाटी घेऊन आल्या आणि नळीच्या उघड्या तोंडात त्यांनी तेलाची धार धरली.

"अवं, काय करून राह्यली तू हे?" गुलाबराव ओरडले.

"तुमीच तं सांगतलं, शनी याच्यात येते म्हून. मंग तेल नको वाहू?"

मी असा चिडलो म्हणता! घासून घासून बोटं सोलवटली होती त्या आरशापायी. पण वहिनी डोळे मिटून पोरीसाठी काहीतरी पुटपुटत होत्या, म्हणून राग आवरला. तेल बरंचसं कडेलाच गेलं होतं. कॅमेरा काढून बघायचं भिंग लावलं आणि म्हटलं, "या, ज्याला भिता त्याला बघा तरी एकदा."

त्या बराच वेळ वाकून होत्या. "याच्याभोवती कडं हाय. आन् बाजूले हे बारके बारके?"

"त्याचे चंद्र. त्याला सोडून कुठे जात नाहीत."

"बाई, हा तं लेकुरवाळा हाय," त्या हळूच म्हणाल्या. "लेकरावाला दुसऱ्याच्या पोरीचं वाईट कायले करीन?" मग शांताला हाक मारून त्यांनी भिंगापाशी उभं केलं.

तुम्ही जाणार असाल तर थंडी सरता सरता जा, घोंगडी न्या, आणि नळीवर झाकण ठेवा.

घरी येऊन फिल्म धुतली. पांढरा फराटा, चंद्र एकही नाही. आठवडाभर हळहळलो. अजूनही कोणी विचारतं, काय हो, फोटो कसा आला? मी सांगतो, शांताचं लग्न झालं.