चूल मागायची राहिली

आरमोरीच्या सडकेला आमचा लाकडी घाणा होता आणि घाण्यापुढे बंड्यांचा तळ. जागा आमचीच. बाजाराच्या आदल्या दिवशी खेड्यांतून बैलबंड्या यायच्या. बंडीवाले जवस, मोहाच्या बिया बाबांकडे गाळायला टाकायचे, चिंचेखाली तीन दगड मांडून भात शिजवायचे आणि मुक्काम करायचे. सकाळी तेल घेऊन बाजारात.

मग सडक रुंद झाली, लाकडाचे ट्रक धावू लागले, आणि एक दिवस पेट्रोल कंपनीचा माणूस तळाची जागा भाड्यानं मागायला आला. बाबा स्वतःला फार हुशार समजायचे. म्हणाले, "जागा घ्या. पण बंडीवाल्याइच्या बैलाइले आमच्या विहिरीचं पाणी मिळालं पायजे." आमच्याकडे रीतच तशी. बैलाला पाणी पाजलं की मुक्कामाला हो म्हटलं, वेगळं बोलावं लागत नाही. त्या माणसानं ते कागदावर लिहूनही दिलं. बाबा आठवडाभर मिशीला पीळ देत फिरले.

चिंच तोडली. टाकी जमिनीत पुरली, पंप उभा राहिला. पुढच्या बाजाराला बंड्या आल्या, बैल पाणी प्याले. बंडीवाल्यांनी दगड मांडले तसा पंपावरचा माणूस धावत आला.

"चूल इथी नाई पेटवाची! पेट्रोल हाय, भडका उडंल."

"मंग भात कुठी शिजवाचा, भाऊ?" एका म्हाताऱ्या बंडीवाल्यानं बाबांना विचारलं.

बाबांनी घरातून कागद आणला. कागदात पाणी होतं, चूल नव्हती.

बंड्या नाल्यापलीकडे गेल्या. त्यांच्यामागं चहावाला गेला, हळूहळू बाजारही तिकडेच सरकला, आणि तिथंच कुणीतरी इंजिनावरचा घाणा टाकला. आमच्या बाजूला टायरवाले आले, गॅरेज आलं, माती काळी झाली. पंपाचा मला कधी राग आला नाही. बाबांचा आला, खूप आला. आता तोही करायचा कंटाळा येतो.

बंड्या गेल्या तरी बाबा दर बाजाराच्या आदल्या दिवशी विहिरीजवळची दगडी डोणी भरून ठेवायचे. आई म्हणायची, "काऊन भरता? कोन येते?" ते म्हणायचे, "कागदात लिवलं हाय."

शेवटी घाण्याचा बैल विकला. घेणारा नाल्यापलीकडचाच. जाताना बैल सवयीनं डोणीशी थांबला. बाबांनी त्याला पोटभर पिऊ दिलं. त्याचं पिऊन झालं, घेणाऱ्यानं हात पुढे केला, तरी बाबांच्या हातून कासरा सुटेना.