धुण्याच्या दगडाची देवी

एसटीत दगडाला तिकीट काढणारा माणूस जगात एकच जन्मला, आणि तो नेमका माझा धाकटा दीर निघाला. भावजी शाळेत चित्रकला शिकवायचे, पण पोरांच्या चित्रांपेक्षा शेतात, विहिरीत, उकिरड्यात सापडलेल्या फुटक्या मूर्तींत त्यांचा जीव. निजामाच्या काळातल्या जकात नाक्याच्या दोन पडक्या खोल्या त्यांनी सरकारकडून मागून घेतल्या आणि तिथं तालुक्याचं संग्रहालय काढलं. वीरगळ, हात तुटलेला विष्णू, बिदरी हुक्का, कुणाच्या तरी पालखीचा दांडा. एकदा चाकूरहून दगडी बाईचं मुंडकं एसटीतून आणत होते. कंडक्टर म्हणाला, "काका, लगेज फाडावं लागंल." भावजी म्हणाले, "बाई माणूस हाय, लगेज कसं? फुल तिकीट द्या." आणि तिला खिडकीशी बसवून स्वतः उभे राहून आले.

कुणाच्या लग्नाला गेले तर नवरी बघायच्या आधी न्हाणीत घुसायचे, पालथे दगड उलथून बघायला. माझ्या माहेरीही तेच केलं. ज्या दगडावर आमच्या घरातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या धुणं आपटलं, तो उलटा केला तर खाली नाचणारी बाई. डावा पाय उचललेला, पायात घुंगरं, ओठांवर हसू. भावजींच्या डोळ्यांत पाणी आलं. "वहिनी, हिच्या पाठीवर चड्ड्या आपटल्या तुम्ही!" मी म्हणाले, "स्वच्छ निघत होत्या ना? आता माझी भावजय धुणार कशावर?" ते ऐकायला भावजी कुठं होते, टेम्पो बोलवायला गेले होते.

संग्रहालयात माणसं यायची, पण पिशवीत हळदकुंकू घेऊन. मूर्ती दिसली की शेंदूर फासायची. भावजी रॉकेल आणि दातांचा जुना ब्रश घेऊन तो काढत बसायचे आणि ओरडायचे, "इथं पाया पडायचं न्हाई, इथं बघायचं!" एका म्हातारीनं विचारलं, "नुसतं बघून काय मिळतं रं बाबा?" भावजींनी ब्रश पुन्हा रॉकेलात बुडवला.

मग हुकूम आला. नाका पाडून दुकानं बांधायची आणि दगड मोठ्या शहरातल्या गोदामात पाठवायचे. भावजी सगळ्या कचेऱ्या हिंडले. "गोदामात गेली की मेली ती, वहिनी." ज्या दिवशी ट्रक यायचा, त्या सकाळी माझ्या दारात उभे. "शेंदूर हाय का घरात?" मी काही न विचारता शेंदूर दिला, वर तेलाची वाटी दिली. त्यांनी आपल्या हातानं त्या नाचणारीला डोक्यापासून पायापर्यंत माखलं आणि उदबत्त्या लावल्या. हसू गेलं, घुंगरं गेली. हमाल आले, त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि मागं सरले. "साहेब, जागृत दिसून राहिलंय. आमी हात लावणार न्हाई." ट्रक रिकामा परतला.

नाका वाचला. बघता बघता माझा धुण्याचा दगड नवसाला पावायला लागला. मंडळ झालं, फरशी आली, भोंगा आला. प्रसादाच्या भट्टीला जागा पाहिजे म्हणून भक्तांनीच ट्रक बोलावला आणि बाकीचे सगळे दगड गोदामात धाडले. भावजी दारात आडवे झाले, तर त्यांना उचलून बाजूला ठेवलं. "मास्तर, देवीच्या कामात आडवं येऊ नका."

आता दर मंगळवारी ते दर्शनाच्या रांगेत असतात. हात जोडत नाहीत, बघतात. मी म्हटलं, "दिसतं काय तुम्हाला? शेंदराचा गोळा झालाय नुसता." "डावा पाय उचललेला अजून कळतो, वहिनी. यंदा तरी कळतो." तेवढ्यात सेवेकरी खेकसतोच, "आजोबा, सरका पुढं!"

मी काही देवाधर्माची बाई नाही. पण परवाच्या मंगळवारी रांगेत त्यांच्या पुढं उभी राहिले. देवीसमोर पोचल्यावर पिशवीत हात घातला आणि नारळ शोधायला लागले. नारळ आणलाच नव्हता. मागची माणसं ओरडायला लागली, "ओ मावशी, आटपा की लवकर!" मी आणखी खोल हात घातला. भावजी माझ्या खांद्यावरून बघत होते.