युफेमियाच्या बाळाचा बाप

आमच्या बेलमाँट वस्तीच्या गल्लीतली म्हातारी युफेमिया वर्षभर कपडे शिवते आणि कार्निव्हलचे दोन दिवस पुरुषांची अब्रू उसवते. झालरींचा झगा, डोक्याला टोपडं, कडेवर प्लास्टिकची बाहुली. भर रस्त्यात एखाद्या सभ्य गृहस्थाची कॉलर धरून ती ओरडणार, "लेकराला टाकून कुठं पळतोस रे? नाक बघ याचं, अगदी तुझं!" त्यानं कानांवर हात ठेवायचे, बघ्यांनी खिदळायचं, मग दुधापुरती चिल्लर देऊन त्यानं सुटायचं. आमच्याकडचा जुना खेळ हा. एकदा मलाही धरलं होतं. बायकोला खेळ ठाऊक होता, तरी जेवताना ती माझं नाक जरा जास्तच निरखत होती.

आता रस्ता बदलला. पिसं-मणी ल्यालेल्या जथ्यांभोवती दोर असतो, दोराशी पहारेकरी. आरोप केला तर पुरुष मोबाइलनं शूटिंग करतात आणि हसत पुढं जातात.

"नाकारायलाच कुणी नाही, तर आरोप काय विजेच्या खांबावर करू?" युफेमिया मला म्हणाली. "या कार्निव्हलच्या मंगळवारी एकानं तरी उत्तर द्यावं. नाहीतर या झग्याची पायपुसणी करते."

मंगळवारी मी सोबत गेलो, मजा बघायला. दुपारपर्यंत एकही गळाला लागला नाही. मग सव्हाना मैदानाच्या कोपऱ्यावर एक जथा पाणी प्यायला थांबला. दोराजवळ निळ्या पिसांतला एक पोरगा होता. हिनं त्याचं पीसच धरलं.

"सापडला! आता बोल, हे कुणाचं?"

पोरगा बावरला. हा खेळ त्यानं कधी पाहिलाच नव्हता. बाहुलीकडं बघत म्हणाला, "माझं?"

"मग काय माझ्या आजोबांचं?"

"द्या तर इकडं. आपलं असेल तर नाही म्हणू नये, आई सांगते." त्यानं बाहुली खांद्यावर घेतली. "नाव काय ठेवलंय?"

युफेमियाच्या हातून पीस सुटलं. "नाव... ठेवायचं राहिलंय."

"क्लेमेंटिन ठेवू," म्हणत त्यानं दोर उचलला. पहारेकऱ्याला म्हणाला, "काका, बाळाची आई आहे, येऊ द्या." आणि आमची म्हातारी त्या पिसांच्या गर्दीत, गाणी वाजवणाऱ्या ट्रकमागं, थेट शेवटपर्यंत नाचली.

घरी येताना मी डिवचलं, "नियम मोडला गं त्यानं. नाकारायचं असतं."

"मोडू दे. आजवर नाकारणारेच भेटले." बाहुली कडेवर सावरत म्हणाली, "या पिसंवाल्यांना मी किती शिव्या घातल्या रे. देव भलं करो त्यांचं."

दुसऱ्या दिवशी, उपासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी, चर्चमधून आली ती कपाळावरच्या राखेसकट मशीनवर बसली. उरल्यासुरल्या कापडाचा इवलासा फ्रॉक शिवत होती.

"बाप बघेल ना पुढच्या वर्षी," म्हणाली. "फाटक्यात कशी नेऊ पोरीला?"